पाण्यातले परजीवी आणि पीसीआर: 'आढळले नाही' म्हणजे नक्की काय?

नीरक्षीर

पाण्याच्या तपासणीचा कागद हातात आला की बहुतेक जण ई. कोलायचा (मैल्याची खूण मानल्या जाणाऱ्या जिवाणूचा) रकाना बघतात. तिथे 'अनुपस्थित' दिसलं की विषय संपला. हा धागा त्या रकान्यात न मावणाऱ्या मंडळींसाठी आहे: क्रिप्टोस्पोरिडियम, जिआर्डिया, सायक्लोस्पोरा, एंटअमीबा.

क्रिप्टोपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात चिवट तोच. त्याची ऊसिस्ट, म्हणजे संसर्ग पसरवणारी कवचबंद अवस्था, जेमतेम ४ ते ६ मायक्रॉनची असते. कवच इतकं दणकट की क्लोरीन तिचं फारसं काही बिघडवू शकत नाही. हजारातल्या ९९९ ऊसिस्ट निकामी करायच्या तर क्लोरीनची मात्रा (मिलिग्रॅम प्रति लिटर) आणि मिनिटं यांचा गुणाकार सुमारे १५,३०० भरावा लागतो. म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर दहा दिवसांहून जास्त. तेवढ्याच क्लोरीनमध्ये ई. कोलाय मिनिटाच्या आत मरतो. आता सांगा, ई. कोलाय सापडला नाही यावरून क्रिप्टोबद्दल काय कळलं? काहीच नाही.

१९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून सुमारे ४ लाख ३ हजार लोक आजारी पडल्याचा अंदाज आहे. पाणी तेव्हाच्या नियमांत बसत होतं.

या परजीवींसाठीची प्रस्थापित पद्धत सूक्ष्मदर्शकाची. अमेरिकेत तिला 'मेथड १६२३' म्हणतात, आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १५५५३. किमान दहा लिटर पाणी गाळायचं, गाळणीवरचं सगळं धुऊन काढायचं, प्रतिपिंडं लावलेल्या चुंबकीय मण्यांनी ऊसिस्ट वेचायच्या, चमकणारा रंग चढवायचा आणि मग माणसाने डोळे ताणून मोजायच्या. काम किचकट, आणि करणारा तरबेज हवा.

हल्ली बऱ्याच प्रयोगशाळा 'आम्ही पीसीआरने बघतो', म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून शोधतो, असं सांगतात. ऐकणाऱ्याला वाटतं, आता प्रश्न मिटला. माझं मत असं आहे की पीसीआर हा या साखळीतला सगळ्यात भरवशाचा दुवा आहे, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोलायला हवं. निकाल ठरतो तो नमुना यंत्रात जाण्याआधी. या क्षेत्रातल्या लोकांनी जरूर लिहा.

---

शंकासुर

रुमाल टाकून ठेवतो.

पण एक शंका आत्ताच. पीसीआर म्हणजे एका रेणूच्या अब्जावधी प्रती करणारं तंत्र ना? एकच तुकडा असला तरी सापडतो म्हणतात. मग सूक्ष्मदर्शकापेक्षा ते सरसच असायला हवं. 'कमी बोला' का?

---

नीरक्षीर

@शंकासुर, नळीत एक रेणू असेल तर सापडेलच, मान्य. तो रेणू नळीत पोचला का, हा प्रश्न आहे.

समजा पाण्यात दर १० लिटरला सरासरी एक ऊसिस्ट आहे. तुम्ही बाटलीत १ लिटर पाणी दिलंत. त्या बाटलीत एकही ऊसिस्ट नसण्याची शक्यता सुमारे ९० टक्के. यंत्र कितीही भारी असो, दहापैकी नऊ वेळा 'आढळले नाही' येणार, आणि ते खरंही असणार. बाटलीपुरतं.

आता उदार होऊन धरू की ऊसिस्ट सापडली, गाळताना-धुताना हरवली नाही, कवच फुटलं आणि सगळा डीएनए बाहेर आला. एका ऊसिस्टमध्ये चार स्पोरोझॉइट, म्हणजे संसर्ग करणाऱ्या पेशी. प्रत्येकात १८एस आरआरएनए या जनुकाच्या पाच प्रती. झाल्या वीस. डीएनए विरघळवला १०० मायक्रोलिटरमध्ये आणि पीसीआरच्या एका नळीत घातले त्यातले ५ मायक्रोलिटर. म्हणजे विसावा हिस्सा, सरासरी एक प्रत. सरासरी एक असताना प्रत्यक्षात शून्य येण्याची शक्यता ३७ टक्के! ऊसिस्ट हातात असून तीनातल्या एकापेक्षा जास्त वेळा हुकली.

तोच डीएनए पाच-पाच मायक्रोलिटर करून चार नळ्यांत घातला असता तर हुकण्याची शक्यता २ टक्क्यांच्या आसपास आली असती. नवं यंत्र नको, नवं तंत्र नको, फक्त आणखी तीन नळ्या. पण अहवालात 'पीसीआर केलं' एवढंच असतं, किती नळ्या लावल्या ते कोण लिहितो?

---

पिपेटवाली

हे गणित माझ्या बाकावर रोज घडतं, म्हणून पुढचं मी जोडते.

नीरक्षीर यांनी १८एस घेतलं, ते वीस प्रतींचं. पण नुसतं 'क्रिप्टो आहे' एवढ्यावर थांबायचं नसेल, कुठला उपप्रकार ते हवं असेल, तर जीपी६० नावाचं जनुक वाचावं लागतं. त्याची प्रत स्पोरोझॉइटमागे एकच, म्हणजे ऊसिस्टमध्ये चार. त्याच हिशोबाने नळीत सरासरी ०.२ प्रत आणि ८२ टक्के वेळा शून्य. रुग्णाच्या शौचात ऊसिस्ट भरमसाट असतात, तिथे जीपी६० सहज निघतं. पाण्यात दोन-चार ऊसिस्ट असतात, तिथे रडवतं. शोध लागतो पण प्रकार लागत नाही, असं होतं ते यामुळे.

शिवाय 'कवच फुटलं' हे वाक्य वाटतं तेवढं सोपं नाही. साध्या रसायनाने ते उलगडत नाही. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचं, ६५ अंशांना वितळवायचं, असं पुन्हा पुन्हा. किंवा बारीक मणी घालून जोरात घुसळायचं. जिवाणूंसाठीचा डीएनए किट तसाच्या तसा वापरला तर ऊसिस्ट अखंड राहते आणि आपण तिला धुण्याच्या पाण्याबरोबर फेकून देतो.

आणि रोधक, म्हणजे पीसीआर अडवणारे पदार्थ! नदी-तलावाच्या पाण्यात ह्युमिक आम्ल असतं, लोह असतं, चिकणमाती असते. दहा-पन्नास लिटर पाणी गाळून तुम्ही परजीवी गोळा करता तेव्हा हेही त्याच प्रमाणात गोळा होतं. ह्युमिक आम्ल पॉलिमरेजला, म्हणजे प्रती बनवणाऱ्या विकराला, गप्प करतं आणि पडद्यावर सपाट रेघ येते. स्वच्छ पाण्याची रेघही सपाट आणि गच्च रोधकाने बंद पडलेल्या नळीची रेघही सपाट. फरक कळायचा तर प्रत्येक नळीत माहीत असलेला दुसरा डीएनए घालून ठेवावा लागतो, त्याला अंतर्गत नियंत्रण म्हणतात. तो वाढला आणि क्रिप्टोचा वाढला नाही, तरच 'नाही' म्हणायचा अधिकार. दोन्ही सपाट असतील तर निकाल नाहीच. मग डीएनए विरळ करा, बोव्हाइन अल्ब्युमिन (एक प्रथिन) घाला, पुन्हा लावा.

अंतर्गत नियंत्रणाचा उल्लेख नसलेला 'आढळले नाही' मी वाचतच नाही.

---

कोरडीविहीर

जलशुद्धीकरणात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. चर्चा छान चालली आहे, पण थोडं पाणी ओततो.

तुमचा निकाल यायला किती वेळ? गाळणं, वेचणं, डीएनए, पीसीआर, पडताळणी. फार घाई केली तरी एक-दोन दिवस. तोवर ते पाणी लोकांनी पिऊन झालेलं असतं. केंद्र चालवणाऱ्याला सेकंदासेकंदाला आकडा हवा असतो, आणि तो गढूळपणाच्या मीटरवर मिळतो. मिलवॉकीतही इशारा तिथेच होता. एका केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा मार्चअखेर १.७ एनटीयूपर्यंत (हे गढूळपणाचं एकक) चढला होता. आजच्या दृष्टीने तो आकडा भयानक आहे. तुरटीची किंवा कुठल्याही गोठणकारकाची मात्रा नीट, फिल्टरची धुलाई वेळच्या वेळी, धुलाईनंतरचं पहिलं पाणी बाजूला काढलेलं, आणि धुलाईचं घाण पाणी परत केंद्राच्या सुरुवातीला घेतलेलं नसेल तर ऊसिस्ट वाळूत अडकतात.

दुसरं, 'आढळले' आलं तर काय करणार? १९९८ मध्ये सिडनीत क्रिप्टो आणि जिआर्डिया सापडल्याचे अहवाल आले. जुलै ते सप्टेंबर 'पाणी उकळून प्या'च्या सूचना निघाल्या, मागे घेतल्या, पुन्हा निघाल्या. सुमारे ३० लाख लोकांना फटका. आणि आजाराचं प्रमाण वाढल्याचं काही दिसलं नाही. सापडणं आणि धोका असणं या दोन गोष्टींत अंतर असतं. तपासणी जितकी संवेदनशील कराल तितक्या अशा पंचाइती वाढतील.

---

डॉ. टिंबटिंब

काका, गढूळपणाबद्दल शंभर टक्के सहमत. सिडनीबद्दल मात्र माझा निष्कर्ष उलट आहे. तिथला पेच अति संवेदनशीलतेचा नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली ऊसिस्ट दिसते, ती कुणाची आहे हे दिसत नाही. क्रिप्टोच्या चाळीसहून अधिक प्रजाती आहेत. माणसाला त्रास देणाऱ्या मुख्यतः दोन, होमिनिस आणि पार्व्हम. बाकीच्या पक्ष्यांच्या, सरड्यांच्या, उंदरांच्या. प्रतिपिंडं यांतल्या बऱ्याच जणांना सारखीच चिकटतात, कधी कधी शेवाळाच्या पेशीलाही. 'आढळले' यापुढे 'कोण' हा शब्द नसेल तर निर्णय घेणारा अंधारात असतो. आणि तो शब्द फक्त डीएनए देतो.

मिलवॉकीचंच बघा. सुरुवातीला संशय गुरांवर होता. नंतर काही रुग्णांचे जपून ठेवलेले नमुने रेणूंच्या पातळीवर तपासले तेव्हा माणसांत फिरणारा प्रकार निघाला, ज्याला २००२ मध्ये होमिनिस हे स्वतंत्र नाव मिळालं. म्हणजे बोट गोठ्याकडून सांडपाण्याकडे वळलं. उपाय पूर्ण वेगळा!

याहून सुंदर उदाहरण २००८ चं, इंग्लंडमधल्या पिट्सफर्ड केंद्राचं. प्रक्रिया झालेल्या पाण्यात ऊसिस्ट सापडल्या आणि अडीच लाखांहून अधिक लोकांना पाणी उकळायला सांगितलं गेलं. केंद्रातल्या एका टाकीत मेलेला ससा मिळाला. सशाच्या आतड्यातला, पाण्यातला आणि रुग्णांमधला क्रिप्टो जुळवला तर तिन्हीकडे एकच, सशांचा प्रकार. तोवर हा माणसांत साथ आणू शकतो असं कुणी गृहीत धरत नव्हतं. पुढे त्याला क्युनिक्युलस म्हणून मान्यता मिळाली. नुसत्या सूक्ष्मदर्शकावर हा गुन्हा उकलला नसता.

एंटअमीबाचं तर विचारूच नका. हिस्टोलिटिका आतडं पोखरते, यकृतात गळू करते. डिस्पार निरुपद्रवी. दोघींच्या सिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब. पीसीआर नसेल तर पाण्यात 'अमीबा' सापडला या वाक्याला अर्थ फारसा नाही.

---

अर्धवट

ससा टाकीत शिरला कसा हा माझा पहिला प्रश्न होता, पण तो अवांतर.

दुसरा प्रश्न गंभीर आहे. मेलेल्या परजीवीचाही डीएनए असतोच की. शुद्धीकरणात मेलेल्या ऊसिस्ट पीसीआरमध्ये 'आढळले' म्हणून येणार. मग घबराटच ना?

---

पिपेटवाली

@अर्धवट, डीएनए म्हणजे घराच्या दारावरची पाटी. कोण राहतं ते कळतं, आत कुणी जिवंत आहे का ते नाही.

पण आधी एक गैरसमज. पाण्यात सुटा तरंगणारा डीएनए या पद्धतीत फारसा येत नाही. एक मायक्रॉनच्या गाळणीतून तो निसटून जातो, उरलेला चुंबकीय मण्यांच्या पायरीला धुतला जातो. मण्यांनी वेचलेलं म्हणजे निदान कवच शाबूत असलेलं. ही पायरी वगळून थेट डीएनए काढणाऱ्या पद्धतींत मात्र तुमची शंका पुरेपूर लागू.

आता जिवंत-मेलेलं. पीएमए नावाचा रंग फाटक्या पेशीत शिरतो आणि प्रकाश दिला की डीएनएला कायमचा चिकटतो, मग तो डीएनए वाढत नाही. अखंड पेशीत तो शिरत नाही. उष्णतेने मेलेल्यांसाठी ठीक. पण अतिनील किरणांनी मारलेल्या ऊसिस्टचं कवच तसंच राहतं! अतिनील किरण डीएनएतच गाठी पाडतात, बाहेरून ओरखडाही नाही. पीएमए अशा ऊसिस्टला जिवंत म्हणून सोडून देतो. इतकंच काय, अतिनील किरणांनी निकामी झालेली ऊसिस्ट आतले स्पोरोझॉइट बाहेरही सोडू शकते, फक्त त्यांना आतड्यात पुढे वाढता येत नाही. म्हणजे अतिनील दिवे बसवलेल्या केंद्राने पीएमए-पीसीआर करून 'जिवंत सापडले' म्हणणं चूक आहे. डीएनएचा लांब तुकडा वाढवायचा प्रयत्न केला तर गाठीवर पॉलिमरेज अडतं आणि नुकसान दिसतं, पण लांब तुकडा म्हणजे संवेदनशीलता कमी.

आरएनए बघणं हा दुसरा मार्ग. ऊसिस्टला उष्णतेचा झटका द्यायचा आणि एचएसपी७० या उष्णतेला उत्तर म्हणून बनणाऱ्या प्रथिनाचा संदेशवाहक आरएनए बनतो का बघायचं. मेलेल्यात बनत नाही. पण अतिनीलचा पेच इथेही आहे.

खरं उत्तर पेशीसंवर्धनात. माणसाच्या आतड्याच्या एचसीटी-८ पेशींवर ऊसिस्ट घालायच्या, दोन-तीन दिवस थांबायचं, संसर्ग झाला का ते पीसीआरने बघायचं. उत्तम पद्धत, आणि रोजच्या कामासाठी जवळजवळ अशक्य.

---

कोरडीविहीर

पिपेटवाली, अतिनीलचा मुद्दा सोन्यासारखा. स्वीडनमधल्या ओस्टरसुंडमध्ये २०१० साली सुमारे २७ हजार लोक होमिनिसने आजारी पडले, त्यानंतर त्यांनी अतिनील यंत्रणाच बसवली. कारण क्रिप्टो क्लोरीनला दाद देत नाही, पण अतिनीलपुढे टिकत नाही. चौरस सेंटिमीटरला १२ मिलिज्यूल मात्रा ९९.९ टक्क्यांना पुरते. १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत कुणाचा यावर विश्वास नव्हता, कारण तेव्हा जिवंत-मेलेलं ठरवायला रंगच वापरत, आणि रंग अतिनीलने मेलेल्यालाही जिवंतच ठरवत. उंदराच्या पिलांवर प्रयोग झाले तेव्हा डोळे उघडले.

डॉक्टरांचा 'कोण' हा मुद्दा मान्य करतो. पण मग पीसीआर रोजच्या पहाऱ्याला नको, तपासाला ठेवा. पहारा गढूळपणाचा.

---

नीरक्षीर

काका, रोजचा पहारा नको, मान्य. पण फक्त साथ आल्यावर तपास, हेही पटत नाही. मूळ स्रोताच्या कच्च्या पाण्यात ठराविक अंतराने शोध घेतला, विशेषतः जोराच्या पावसानंतर, तर शुद्धीकरणाला किती ओझं पेलायचंय ते कळतं. त्यावर फिल्टर पुरे की अतिनील हवं हे ठरतं. अमेरिकेच्या २००६ च्या नियमात हीच कल्पना आहे: कच्च्या पाण्यातल्या क्रिप्टोच्या सरासरीवरून केंद्राची वर्गवारी आणि त्यानुसार जादा प्रक्रिया. मोजणी तिथे सूक्ष्मदर्शकाची, कारण नियमाला 'किती' हवं. त्यात 'कोण' जोडलं तर ओझं गोठ्याचं की गटाराचं तेही कळेल, आणि पाणलोटात काय दुरुस्त करायचं तेही.

---

शंकासुर

लॅम्प आणि डिजिटल पीसीआर या डीएनए वाढवायच्या दुसऱ्या तंत्रांबद्दल कुणी लिहा. आणि सगळ्या डीएनएचं एकदम सीक्वेन्सिंग केलं, म्हणजे त्याचा अक्षरक्रम वाचला, तर एका फटक्यात सगळे परजीवी दिसणार नाहीत का?

---

पिपेटवाली

थोडक्यात लिहिते.

लॅम्पला तापमान वर-खाली करणारं यंत्र लागत नाही, ६० ते ६५ अंशांवर एकाच तापमानात काम होतं, आणि रोधकांचा त्रास कमी. पण उत्पादन इतकं प्रचंड की एकदा नळी उघडली तर खोलीभर त्याचे कण, आणि पुढचे सगळे नमुने 'आढळले'. नळी न उघडता रंगावरून वाचायची शिस्त असेल तरच.

डिजिटल पीसीआरमध्ये नमुना हजारो थेंबांत वाटून किती थेंबांत वाढ झाली ते मोजतात. तुलनेसाठी प्रमाण-वक्र काढायची गरज नाही, रोधकही थोडे सहन होतात, आकडा थेट मिळतो. पण पाण्यातून ऊसिस्ट हरवण्यावर त्याच्याकडेही इलाज नाही.

सीक्वेन्सिंगची कल्पना मोहक आहे. १८एस चे सर्वसमावेशक प्रायमर (कुठला भाग वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) लावले की शेवाळ, सिलिएट, बुरशी यांचीच लाखो वाचनं येतात, आणि क्रिप्टो त्या गर्दीत दिसत नाही. आधी वेचून घेतलं तर ठीक, पण वेचायला प्रतिपिंड हवं. सायक्लोस्पोरासाठी तसे तयार मणी बाजारात मिळत नाहीत, म्हणून तिथे गाळून थेट पीसीआर हाच व्यवहार्य रस्ता.

---

रानवारा

वाचनमात्र होते, सगळं वाचून भीतीच वाटली. आमच्यासारख्यांनी घरी काय करायचं ते कुणीतरी दोन ओळींत सांगा.

---

डॉ. टिंबटिंब

ताई, घाबरू नका. खळखळून उकळलेलं एक मिनिट पुरे, उंच डोंगरावर तीन. या यादीतला एकही परजीवी त्यातून वाचत नाही. गाळणी घ्यायची तर 'एक मायक्रॉन अ‍ॅब्सोल्यूट' असं स्पष्ट लिहिलेली. नुसतं 'एक मायक्रॉन' म्हणजे सरासरी छिद्र, त्यातून ऊसिस्ट जाऊ शकते. घरचा अतिनील दिवा पाणी नितळ असेल तरच. घरात कुणाची प्रतिकारशक्ती फार कमी असेल, म्हणजे अवयवरोपण झालेलं किंवा केमोथेरपी चालू, तर उकळणंच धरा. त्यांच्यात क्रिप्टो आठवडेच्या आठवडे राहतो आणि औषध नीट लागू पडत नाही.

---

अर्धवट

आमच्या सोसायटीत पीसीआर तपासणी करून घ्यायचं चाललंय. प्रयोगशाळेला काय विचारू? हो-नाही उत्तर मिळेल असे प्रश्न द्या, मी सूक्ष्मजीवशास्त्रात शून्य आहे.

---

नीरक्षीर

किती लिटर गाळणार, हा पहिला प्रश्न. 'एक लिटरची बाटली पाठवा' म्हणाले तर तिथेच नमस्कार. प्रक्रिया झालेल्या पाण्यात परजीवी असले तरी अगदी विरळ असतात. इंग्लंडमध्ये १९९९ च्या नियमांनुसार धोक्याच्या केंद्रांवर दिवसाला सुमारे हजार लिटर गाळत, ते उगाच नाही.

मग पुनर्प्राप्ती विचारा. माहीत असलेल्या संख्येने ऊसिस्ट मुद्दाम घालून त्यातल्या किती परत मिळतात ते तुमच्याच पाण्यावर तपासणार का? बाजारात किरणांनी निकामी केलेल्या, वेगळ्या रंगाने ओळखू येणाऱ्या ऊसिस्ट मिळतात, त्या प्रत्येक नमुन्यात घालता येतात. शंभरातल्या चाळीस परत मिळाल्या तर नाक मुरडू नका, या क्षेत्रात तो चांगला आकडा आहे. आकडाच सांगत नसतील तर मात्र मुरडा.

अंतर्गत नियंत्रणाचं पिपेटवालींनी लिहिलंच आहे. किती नळ्या लावणार आणि डीएनएतला किती हिस्सा वापरणार, तेही विचारा. आढळलं तर सीक्वेन्सिंग करून प्रजाती सांगणार का, हेही आधीच ठरवून घ्या, नंतर वाद नको.

---

पिपेटवाली

नमुना घेण्याबद्दल राहिलं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून डब्यात आधी सोडियम थायोसल्फेट घातलेलं हवं. नमुना थंड ठेवा पण गोठवू नका. गोठवलं की काही ऊसिस्ट फुटतात, मणी त्यांना वेचत नाहीत. चार दिवसांच्या आत काम सुरू व्हायला हवं. आणि टाकीच्या तळाला नळ असेल तर तिथलाही एक नमुना वेगळा घ्या, गाळाबरोबर ऊसिस्ट तिथे साचतात. दोन्ही एकत्र मात्र करू नका, गाळातले रोधक स्वच्छ नमुन्याचाही निकाल बुडवतील.

---

अर्धवट

प्रयोगशाळेला फोन केला. लिटरचा प्रश्न विचारल्यावर 'साहेबांशी बोलून सांगतो' म्हणाले. कळवतो इथेच.

---

कोरडीविहीर

साहेबांचं उत्तर येईपर्यंत टाकीचं झाकण, हवेच्या नळीवरची जाळी आणि ओव्हरफ्लोचं तोंड बघून घ्या. पिट्सफर्डचा ससा असाच कुठूनतरी आत गेला होता.